पहिले सॉफ्टवेअर लवकर बाजारात आणायचे असेल, तर एका डिलिव्हरी चलनापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही दोघे मित्र आहात. एकाने भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये 5 वर्षे स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळले आहे, दुसरा प्रोग्रामर आहे. लहान कारखान्यांचा जो माल प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट किंवा ग्राइंडिंगसाठी बाहेर जॉबवर्कला जातो, त्याचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर तुम्हाला करायचे आहे. हाताशी बचतीचे 5 लाख रुपये आणि 4 महिन्यांचा वेळ आहे. करायच्या सोयींची यादी 38 वर पोहोचली आहे आणि तिच्यात अँड्रॉइड, आयफोन व संगणक या तिन्हींसाठी वेगवेगळी ॲप्सही आहेत. एवढे सगळे 4 महिन्यांत बसवायचे कसे, हे तुम्ही विचारले आहे.

ते बसणार नाही, आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नका. वेळ कमी पडतो तेव्हा बहुतेक जण 38 सोयी ठेवून प्रत्येकीचा दर्जा थोडा थोडा उतरवतात, आणि शेवटी हाती येते ते सगळीकडे अर्धवट असे काहीतरी. याच्या नेमके उलट करायला हवे. एका माणसाचे एकच काम निवडायचे, ते सुरुवातीपासून शेवटच्या कागदापर्यंत पूर्ण करायचे, आणि ते इतके नीट करायचे की त्या माणसाने आपली जुनी वही बंद करावी. तुमच्या बाबतीत ते काम म्हणजे एका चलनाचा, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या डिलिव्हरी चलनाच्या कागदाचा, प्रवास: माल बाहेर गेला, हप्त्याहप्त्याने परत आला, काही नग रिजेक्ट झाले, काही तिकडेच राहिले, आणि शेवटी बाकी शून्य झाली. या प्रवासाच्या बाहेरचे जे काही यादीत आहे, ते पहिल्या आवृत्तीत नसावे.

‘किमान व्यवहार्य उत्पादन’ हा शब्दप्रयोग फ्रँक रॉबिन्सन यांनी 2001 मध्ये रूढ केला आणि पुढे स्टीव्ह ब्लँक व एरिक रीस या उद्योजक-लेखकांमुळे तो जगभर पसरला. आपल्याकडे त्यातला ‘किमान’ तेवढा ऐकला जातो आणि ‘व्यवहार्य’ मागे पडतो. चलन तयार होते पण छापता येत नाही, माल परत आल्याची नोंद होते पण बाकी चुकीची दिसते, असे सॉफ्टवेअर किमान असेल, पण ज्याच्यासमोर टेम्पोवाला उभा आहे त्या स्टोअरकीपरला त्याचा काडीचाही उपयोग नाही. तो पुन्हा वही उघडेल, आणि एकदा वहीकडे परतलेला माणूस दुसऱ्यांदा तुमच्याकडे सहजासहजी येत नाही.

सर्वांत आधी ग्राहक कोण, हे ठरवा. जॉबवर्कच्या व्यवहाराला दोन बाजू असतात: माल पाठवणारा कारखाना आणि त्यावर प्रक्रिया करणारा जॉबवर्कर. तुमच्या यादीत दोघांच्याही सोयी मिसळलेल्या दिसतात. जॉबवर्करची चिंता बिलाची आणि वसुलीची असते, तर पाठवणाऱ्याची चिंता आपला माल कुठे अडकला आहे याची. मी पाठवणाऱ्याला निवडेन, कारण त्याच्या डोक्यावर कायद्याची मुदतही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल 1 वर्षात आणि भांडवली वस्तू 3 वर्षांत परत आल्या नाहीत, तर तो माल ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि कर व्याजासह अंगावर येतो. शिवाय जॉबवर्कला गेलेल्या आणि परत आलेल्या मालाचे आयटीसी-04 हे जीएसटी विवरणपत्र पाठवणाऱ्यालाच भरावे लागते. वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ते सहामाही असते, नसेल तर वार्षिक. ते भरण्याची तारीख जवळ आली की स्टोअरमधल्या वह्या, चलनांच्या फायली आणि अकाउंटंटची एक्सेल यांचा मेळ लावण्यात किती दिवस जातात, हे तुमच्यापैकी ज्याने ते काम केले आहे त्याला मी सांगण्याची गरज नाही. जिथे त्रास ठरावीक काळाने हमखास परत येतो आणि त्याला रुपयांत किंमत आहे, तिथे पहिले उत्पादन विकले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

ग्राहक निवडताना आपला अंदाज चुकू शकतो, हेही धरून चाला. 2006 मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या रेडबस या बसतिकिटे विकणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांनी प्रथम बसमालकांसाठी सॉफ्टवेअर करायचे ठरवले होते. बसमालकांना ते वापरण्यात रस दिसेना, तेव्हा त्यांनी बसमालकांकडून थोड्या जागा मागून घेतल्या आणि त्या स्वतः प्रवाशांना विकून दाखवल्या. हा बदल त्यांना लवकर करता आला, कारण ते सुरुवातीपासूनच बसमालकांच्या दारात जाऊन बसत होते. खोलीत बसून वर्षभर काम केले असते, तर हीच गोष्ट त्यांना वर्षाने कळली असती.

म्हणून पहिल्या 2 आठवड्यांत कोडची एकही ओळ लिहू नका. ओळखीतले 6–7 कारखाने निवडा आणि प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण दिवस स्टोअरच्या टेबलाजवळ बसा. मुलाखत घेऊ नका, कारण मुलाखतीत माणसे काम कसे व्हायला हवे ते सांगतात, आणि आपल्याला ते प्रत्यक्षात कसे होते ते पाहायचे असते. घड्याळ लावून मोजा: एक चलन हाताने लिहायला किती वेळ लागतो, दिवसात किती चलने होतात, परत आलेल्या मालाची नोंद टेम्पो रिकामा होत असताना होते की संध्याकाळी एकदम, नगांऐवजी वजनावर चालणारे काम किती, आणि ‘रिजेक्शन’ म्हणून जे परत येते त्यातले पुन्हा रिवर्कला किती जाते. चलनाच्या जुन्या पुस्तकांचे फोटो मालकाची परवानगी घेऊन काढा. कोऱ्या जागी पेनने जे जादा लिहिलेले असते, म्हणजे ‘8 नग पुढच्या गाडीत’, ‘ड्रॉइंग बदलले’, ‘शिंदे यांना विचारणे’ अशा नोंदी, ते तुमच्या सॉफ्टवेअरचे खरे मागणीपत्रक आहे.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण माझ्या पहिल्या उत्पादनात ही मोजणी आम्ही केली नव्हती. ते गोदामातील आवकजावकीचे सॉफ्टवेअर होते. त्यावर 11 महिने काम केले, 17 प्रकारचे अहवाल दिले, कोणाला काय दिसावे आणि काय दिसू नये याचे मोठे पान केले, आणि पहिल्याच ग्राहकाकडे ते आठवडाभरात बंद पडले. वहीत जी नोंद 15 सेकंदांत होत असे, तिला आमच्याकडे दीड मिनिट लागत होते. अहवालांविषयी त्या माणसाची काहीही तक्रार नव्हती. ते पाहायची वेळच त्याच्यावर कधी आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात सॉफ्टवेअरचे पडदे, म्हणजे स्क्रीन, कागदावर काढा. एका ए-4 कागदावर एक पडदा, पेन्सिलने, आणि तोही ग्राहकाच्या टेबलावर बसून. तेवढ्याच आठवड्यात एका कारखान्याचा चालू हिशेब तुम्ही स्वतः साध्या स्प्रेडशीटमध्ये चालवून दाखवा: त्यांनी दिवसाअखेर चलनांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावेत, तुम्ही रात्री नोंदी कराव्यात, आणि सकाळी 9 वाजता मालकाच्या फोनवर ‘कोणाकडे किती बाकी’ हा एक पानाचा तक्ता पोहोचावा. यात सॉफ्टवेअर म्हणावे असे काहीच नाही, आणि तरीही ग्राहकाला हवे ते मिळत आहे. 1999 मध्ये निक स्विनमर्न यांनी झॅपोस हे बुटांचे ऑनलाइन दुकान सुरू करण्याआधी गोदाम उभारले नव्हते. त्यांनी दुकानातील बुटांचे फोटो काढून संकेतस्थळावर लावले, आणि मागणी आली की तेच बूट दुकानातून विकत घेऊन पाठवले. लोक न पाहता, न घालता बूट मागवतील का, एवढा एकच प्रश्न त्यांना सोडवायचा होता. तुमच्यापुढचा प्रश्नही असाच एक आहे: सकाळचा तो तक्ता एक दिवस आला नाही, तर मालक तुम्हाला फोन करतो का? फोन आला तर पुढे जा. दोन दिवस तक्ता बंद ठेवूनही कोणी विचारले नाही, तर निवडलेले काम चुकले आहे, आणि हे तुम्हाला 3 आठवड्यांत व जवळपास शून्य खर्चात समजले आहे.

त्यानंतर बांधणी. त्यासाठी 6 आठवडे धरा आणि ही मुदत हलवू नका. काम वाढले तर सोयी कमी करा, तारीख पुढे नेऊ नका. कोणती सोय ठेवायची याची माझी कसोटी साधी आहे: ती नसेल तर पहिल्या दिवशी चलनाचा प्रवास अडतो का? ग्राहकांना बिल पाठवण्याची सोय पहिल्या दिवशी लागत नाही. 2004 मध्ये बेसकँप हे प्रकल्प सांभाळण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आले तेव्हा त्यात ग्राहकांना बिल करण्याची यंत्रणा तयारच नव्हती. बिल महिन्याने जाणार होते, त्यामुळे ती तयार करायला त्यांना 30 दिवस मिळाले. तुमच्या पहिल्या 10 ग्राहकांना तुम्ही यूपीआयचा क्यूआर कोड पाठवून पैसे घेऊ शकता आणि पावती हाताने करू शकता. पासवर्ड विसरला तर? फोन येईल, तुम्ही बदलून द्याल. नवीन कारखान्याची नोंदणी कोण करेल? तुम्हीच, त्यांच्या स्टोअरमध्ये बसून, त्यांच्या पार्ट नंबरांची यादी स्वतः भरून. हे हाताचे काम कमीपणाचे समजू नका. त्यातून जे शिकायला मिळते ते पुढे स्वयंचलित यंत्रणा बांधताना उपयोगी पडते, आणि यादीतील निम्म्या सोयी मुळात लागतच नाहीत हेही त्यातूनच कळते.

तीन ॲप्सचा विचार आज सोडून द्या. फोनच्या ब्राउझरमध्ये आणि स्टोअरच्या संगणकावर सारख्याच चालणाऱ्या एका वेब ॲपने सुरुवात करा. इन्स्टाग्राम ऑक्टोबर 2010 मध्ये फक्त आयफोनवर आले आणि अँड्रॉइडवर यायला त्याला एप्रिल 2012 उजाडले. शिवाय त्याच संस्थापकांच्या बर्बन नावाच्या आधीच्या ॲपमध्ये स्थळनोंदणी, भेटीगाठींचे बेत आणि छायाचित्रे असे बरेच काही होते, त्यातील जवळजवळ सगळे काढून त्यांनी छायाचित्रांपुरते नवे ॲप 8 आठवड्यांत तयार केले. तुमच्या बाबतीत वेब ॲप निवडण्याचे आणखी एक कारण आहे. प्ले स्टोअरवर वैयक्तिक खाते नव्याने उघडणाऱ्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान 12 परीक्षकांसह सलग 14 दिवस बंदिस्त चाचणी चालवावी लागते, आणि त्यानंतरची तपासणी वेगळी. वेब ॲपमधील चूक दुपारी दुरुस्त केली तर संध्याकाळच्या पाळीला ती दुरुस्ती मिळते. पहिल्या 3 महिन्यांत दुरुस्तीचा हा वेग इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा मोलाचा असतो.

तंत्रज्ञान निवडताना नावीन्याचा मोह टाळा. प्रोग्रामर मित्राला जे सर्वांत चांगले येते ते, मग वेब ॲप बांधण्याचे जँगो असो वा लॅरव्हेल, आणि त्यासोबत पोस्टग्रेस हा डेटाबेस. एक सर्व्हर, एकच प्रकल्प, एकच डेटाबेस. काम छोट्या छोट्या स्वतंत्र सेवांमध्ये विभागण्याची रचना मोठ्या संघांसाठी असते. दोन माणसांनी ती स्वीकारली तर निम्मा वेळ त्या सेवा एकमेकींशी जोडण्यातच जातो. 50 कारखान्यांचा भार मध्यम क्षमतेचा एक सर्व्हर सहज पेलतो.

मात्र हिशेबाचा गाभा असा आहे की तिथे घाई अजिबात चालत नाही, आणि मी या भागावर मुद्दाम जास्त लिहितो आहे. पडदा वाईट झाला तर पुढच्या आठवड्यात बदलता येतो, पण नोंदींची रचना चुकली तर 3 महिन्यांचा साठलेला हिशेब चुकतो आणि त्याबरोबर विश्वासही जातो. पहिली गोष्ट, ‘बाकी’ हा आकडा कुठेही साठवून ठेवू नका. जावकीच्या प्रत्येक ओळीला तिच्यासमोरच्या आवकीच्या ओळी जोडलेल्या असाव्यात आणि बाकी दर वेळी त्यांच्यावरून काढली जावी. दुसरी, एकदा पक्की झालेली नोंद खोडू देऊ नका. चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करावी आणि कोणी, कधी, का केली हे राहावे. आमच्याकडे सुरुवातीला नोंद सरळ बदलता येत असे. एकदा 480 नगांचे 460 झाले, ते कोणी केले हे सांगता येईना, आणि दोन जुन्या व्यापारी मित्रांत आमच्या सॉफ्टवेअरमुळे भांडण लागले. तो डाग धुऊन काढायला आम्हाला कित्येक महिने लागले. तिसरी, वजन आणि पैसे तरंगत्या दशांशात (फ्लोटिंग पॉइंटमध्ये) साठवू नका. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांमध्ये पूर्णांक म्हणून ठेवा, नाहीतर वर्षाअखेर काही ग्रॅमांचा आणि काही पैशांचा न जुळणारा फरक शोधत बसावे लागेल.

चौथी गोष्ट भोसरीत बसल्याशिवाय कळत नाही. माल प्लेटिंगवाल्याकडून परत न येता थेट ग्राइंडिंगवाल्याकडे जातो. बहुतेक जण पहिल्या आवृत्तीत याचा विचार करत नाहीत आणि मग अडकतात. स्वतंत्र पडदा करण्याची गरज नाही. ‘एकाकडून परत’ आणि ‘दुसऱ्याकडे जावक’ अशा दोन नोंदी एकाच वेळी कराव्यात, पण त्या जोडीवर ‘थेट हस्तांतर’ अशी खूण नक्की ठेवावी. आयटीसी-04 मध्ये ज्याच्याकडे पाठवला त्याच्याकडूनच परत आलेला माल आणि दुसऱ्याच जॉबवर्करकडून परत आलेला माल वेगवेगळ्या तक्त्यांत दाखवावा लागतो. आज ही खूण ठेवली नाही, तर सहा महिन्यांनी अकाउंटंटला पुन्हा चलनांच्या फायली चाळाव्या लागतील आणि तुमच्या उत्पादनाने दिलेले मूळ वचनच मोडेल.

चलनाच्या क्रमांकाबाबतही नियम आहे. जीएसटीच्या नियम 55 प्रमाणे डिलिव्हरी चलनाचा क्रमांक क्रमवार असावा लागतो आणि तो 16 अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. छपाई तीन प्रतींत लागते: एक माल घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक आपल्याकडे. डेटाबेसने आपोआप दिलेला क्रमांक चलनावर छापू नका, कारण फसलेल्या नोंदींमुळे त्यात मधले आकडे गळतात. आणखी एक हमखास घडणारी गोष्ट: पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क कमजोर असते, बटण दाबल्यावर काही होत नाही असे वाटून माणूस ते पुन्हा दाबतो आणि एकाच मालाची दोन चलने तयार होतात. उघडलेल्या प्रत्येक फॉर्मला सुरुवातीलाच एक स्वतंत्र खूणक्रमांक द्या आणि तोच खूणक्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवे चलन तयार न करता आधीचेच दाखवा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. नेटवर्क नसतानाही पूर्ण चालणारी यंत्रणा मात्र पहिल्या आवृत्तीत नको. ती कित्येक आठवडे खाते. नेटवर्क गेले तर हाताने चलन लिहून नंतर नोंद करता येईल, एवढी सोय पुरे.

आजकाल कोड लिहून देणारी साधने सर्वांच्या हाताशी आहेत आणि ती जरूर वापरा. याद्या, फॉर्म, छपाईची मांडणी आणि चाचण्या लिहिण्यात त्यांनी पुष्कळ वेळ वाचतो. पण वरच्या चार गोष्टींचा कोड तुम्ही दोघांनीही ओळ न् ओळ वाचला पाहिजे, ज्याला प्रोग्रामिंग येत नाही त्यानेसुद्धा, दुसऱ्याकडून समजावून घेऊन. स्टोअरचा अनुभव त्याच्याकडे आहे आणि चूक त्यालाच आधी दिसेल. या साधनांचा एक धोकाही सांगतो. पडदा तासाभरात तयार होतो, म्हणून 38 सोयींची यादी पुन्हा मोहात पाडते. सोय बनवायला वेळ लागला नाही, तरी ती ग्राहकाला समजावण्यात, तिच्यावरचे फोन घेण्यात आणि ती सांभाळण्यात पूर्वीइतकाच वेळ जातो.

पडद्यांविषयी थोडक्यात. नवे चलन करायला 30 सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. याच आठवड्यात वापरलेल्या पार्ट्या आणि पार्ट नंबर सर्वांत वर दिसावेत. आकड्यांसाठी मोठे अंक असलेला कीपॅड यावा. भाषा मराठी ठेवा, पण ती स्टोअरमधली ठेवा: आवक, जावक, बाकी, रिजेक्शन, रिवर्क. ‘अस्वीकृत घटक’ असे लिहिले तर कोणाला कळणार नाही. हिंदीचा पर्याय मात्र पहिल्या दिवसापासून असू द्या, कारण यंत्रांवर काम करणाऱ्यांत हिंदी बोलणारे पुष्कळ असतात. पार्ट नंबर ड्रॉइंगवर जसे आहेत तसेच राहू द्या, त्यांचे लिप्यंतर करू नका. देवनागरी छपाईत एक तांत्रिक अडचण हमखास येते: पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) जोडाक्षरे आणि वेलांट्या मोडून टाकतात. त्यांच्याशी झगडण्यात आठवडा घालवू नका, ब्राउझरच्या स्वतःच्या छपाईचा आधार घ्या. तिथे अक्षरे सरळ येतात.

काही कामांत तुमचा वेग दुसऱ्याच्या हातात असतो, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात सुरू करून ठेवा. एसएमएसने ओटीपी पाठवायचा असेल तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी, लागते, आणि पाठवणाऱ्याचे नाव व संदेशाचा मजकूर दोन्ही आधी मंजूर करून घ्यावे लागतात. मी तर पहिल्या 10 ग्राहकांसाठी ओटीपी टाळून 6 अंकी पिन देईन, आणि चुकीचा पिन 5 वेळा टाकला की खाते काही वेळ अडवेन. कंपनीची नोंदणी, बँक खाते आणि पेमेंट गेटवेची पडताळणी हीसुद्धा याच जातीची कामे. लिहिलेल्या कोडची मालकी दोघांत कशी राहील, एकजण मधेच नोकरीवर परतला तर काय, हे एका पानावर लिहून सही करा. आणि जो अजून नोकरीत आहे त्याने आपला नोकरीचा करार वाचावा, कारण नोकरीच्या काळात लिहिलेला कोड मालकाचा, असे कलम अनेक करारांत असते.

माहितीची जबाबदारी लहान कंपनीलाही टळत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे. त्याच्या तपशिलात शिरण्याआधी साधी सवय लावून घ्या: जी माहिती लागत नाही ती घेऊच नका. टेम्पोवाल्याचा गाडी क्रमांक चलनासाठी लागतो, त्याचा आधार क्रमांक कशालाही लागत नाही. रोज रात्री डेटाबेसची प्रत दुसऱ्या ठिकाणी जावी, आणि दर महिन्याला एकदा त्या प्रतीवरून सगळा हिशेब खरोखर उभा करून पाहावा. प्रत घेतली जात आहे एवढ्यावर समाधान मानलेल्यांना ती उघडत नसल्याचे नेमके अपघाताच्या दिवशी कळते.

आता बाजारात आणण्याविषयी. ‘लाँच’ म्हटले की समारंभ, बातमी आणि एकाच दिवशी सर्वांसाठी दार उघडणे असे चित्र उभे राहते. कारखान्यांसाठीच्या सॉफ्टवेअरला ते मानवत नाही. बांधणीच्या तिसऱ्याच आठवड्यात, म्हणजे फक्त जावक, आवक आणि बाकी एवढेच तयार असताना, ज्या कारखान्याचा तक्ता तुम्ही हाताने चालवत होता तिथे ते लावा. पहिले 2 आठवडे वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी दोन्हींची बाकी जुळवा. फरक पडला तर त्याच रात्री कारण शोधा. सलग 6 दिवस फरक न पडला तर वही बंद करण्याचा प्रस्ताव मालकासमोर ठेवा. त्यानंतरच दुसरा कारखाना, मग तिसरा. सहाव्या आठवड्याच्या शेवटी 3 कारखाने खरोखर चालू असतील, तर तुमचे उत्पादन बाजारात आले असे मी समजेन.

पैसे मात्र पहिल्यापासून घ्या. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण फुकट देऊ नका. फुकट घेणारा माणूस चांगले बोलतो, आणि महिन्याला काही शे रुपये देणारा काय नीट चालत नाही ते सांगतो. पहिल्या 5 ग्राहकांना ‘वर्षभर हाच दर राहील’ असे लिहून द्या, त्या बदल्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास स्टोअरमध्ये बसू देण्याची अट घाला.

किती जणांनी खाते उघडले, हा आकडा पाहू नका. दोनच आकडे भिंतीवर लिहा: आदल्या दिवशी प्रत्येक कारखान्यात प्रत्यक्ष झालेल्या चलनांपैकी किती सॉफ्टवेअरमधून गेली, आणि किती वेळा तुम्हाला फोन करावा लागला. पहिला आकडा दिवसागणिक 100 टक्क्यांकडे सरकत नसेल, तर नवी सोय बनवणे थांबवा आणि त्या कारखान्यात जाऊन बसा. मला असे आढळले आहे की कारण बहुधा अगदी लहान निघते. एका ठिकाणी प्रिंटर दुसऱ्या खोलीत होता, एवढेच होते.

तुमच्या 4 महिन्यांतून 3 आठवडे पाहणी आणि कागदकामात, 6 बांधणीत गेले, तर 7–8 आठवडे शिल्लक राहतात. ते मी मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. या काळात ग्राहक स्वतःहून जे मागतील त्यातली आयटीसी-04 साठी तयार तक्ता देण्याची सोय बहुधा पहिली असेल, आणि ती तुम्ही अकाउंटंटला शेजारी बसवून करावी. 1 वर्षाची मुदत संपत आलेल्या मालाची यादी ही दुसरी. 5 लाखांतील निम्मी रक्कमही या टप्प्यापर्यंत खर्च होऊ देऊ नका. कार्यालय नको, जाहिरात नको, तिसरा माणूस नको. 38 सोयींची यादी फाडून टाकण्याची गरज नाही, ती एका पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा आणि पाचवा कारखाना पैसे देऊ लागला की उघडा.

सुरुवात कुठून करायची, हेही तुम्हाला ठरवायचे असेल. ज्या वर्कशॉपमध्ये 5 वर्षे काम केले, तिथे पहिल्यांदा जाऊ नका. तिथले लोक तुमचे मन राखतील. त्याच गल्लीतला असा कारखाना शोधा जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही पण प्लेटिंगवाला तोच आहे, आणि सोमवारी सकाळी पहिली गाडी सुटायच्या आधी तिथल्या स्टोअरमध्ये पोहोचा.